शाळेच्या बांधकामावर इंटर्नशिप घ्यावी का, आणि घेतली तर काय मागून घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहात, सुट्टीत दहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळते आहे. एका चालू शाळेच्या आवारात नवी इमारत उभी राहते आहे आणि शाळेच्या वतीने तिचं व्यवस्थापन पाहणाऱ्या कंपनीत तुम्हाला घेणार आहेत. वर्गातले बाकीचे मेट्रोच्या नाहीतर टॉवरच्या साइटवर चालले आहेत. मग शाळेचं काम म्हणजे छोटं काम ठरेल का, बायोडेटात ते कमी दिसेल का, आणि गेलंच तर फोटो काढणं आणि कागद फाइलला लावणं यापलीकडे काही हाती लागेल का?

मी बरीच वर्षं शाळा-कॉलेजांच्या इमारतींवर व्यवस्थापनाच्या बाजूने काम करते आहे आणि माझ्या हाताखाली इंटर्न येत असतात. त्यावरून माझं मत असं बनलं आहे की प्रकल्प केवढा यावर इंटर्नचं शिकणं फारसं ठरत नाही. दहा आठवड्यांत एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्या नजरेखालून जाते का, यावर ते ठरतं. मोठ्या साइटवर इंटर्न बहुधा एकाच विभागात बसतो. तिथे एका मजल्याचं स्टील मोजलं की पुढच्या मजल्याचं तेच स्टील मोजायचं. शाळेची इमारत दोन-चार मजल्यांची असली तरी तिच्यात प्रयोगशाळेची गॅसची लाइन असते, लहान मुलांची स्वच्छतागृहं असतात, सभागृहाचं मोठ्या गाळ्याचं छत असतं, अग्निशमन, लिफ्ट, मैदानाचा निचरा असं सगळं असतं, आणि ते सगळं एका माणसाला पायी फिरून पाहता येतं. मात्र तुम्हाला खोल पायलिंग (पायासाठी जमिनीत खोलवर खांब उतरवणं) किंवा प्रीस्ट्रेसिंग (तारा ताणून काँक्रीटला आधीच दाब देणं) शिकायचं असेल तर शाळेत ते मिळणार नाही. त्यासाठी मित्रांच्या वाटेनेच जा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हालाच विचारून घ्याव्या लागतील. पहिली म्हणजे तुम्ही जाल तेव्हा काम कोणत्या टप्प्यावर असेल. पाया आणि आरसीसी (स्टील घातलेल्या काँक्रीटचं काम) चालू असेल तर खोदाई, स्टील, काँक्रीट, क्यूब टेस्ट (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासणं) दिसतील. फिनिशिंग चालू असेल तर वेगवेगळ्या ठेकेदारांचं एकमेकांत अडकणं दिसेल. माझ्या मते व्यवस्थापन शिकायला हाच टप्पा सगळ्यात चांगला. अजून टेंडरच निघालं नसेल तर ड्रॉइंग, मोजमाप आणि दरांची तुलना शिकाल, साइट फारशी दिसणार नाही. दुसरी गोष्ट, तुम्ही मालकाच्या बाजूने असाल. तिथे निर्णय आणि पैसा कसा हलतो ते कळतं, पण मजूर आणि माल कसा हलतो ते कळत नाही. ते ठेकेदाराच्या फोरमनकडून शिकावं लागतं, त्यासाठी सकाळी लवकर जाऊन त्याच्याबरोबर फिरावं लागतं. तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुम्हाला सांभाळणारा माणूस. तो आठवड्यातून अर्धा तास तुमच्यासाठी देणार असेल तर साधी साइटही पुरते. त्याला वेळच नसेल तर जगातला सगळ्यात उंच टॉवरही कामाचा नाही.

आता शाळेच्या कामात व्यवस्थापन इतकं ठळक का दिसतं ते सांगते, कारण तुमच्या निर्णयाला त्याचाच आधार आहे.

शाळा उघडण्याची तारीख हलत नाही. ऑफिसची इमारत महिनाभर उशिरा झाली तर भाड्याचं नुकसान होतं, भांडणं होतात, पण ते निभतं. शाळेचे आठ वर्ग तयार नसतील तर आठ वर्गांची मुलं बसवायची कुठे, हा प्रश्न त्या सोमवारी सकाळी दारात उभा असतो. म्हणून आम्ही वेळापत्रक शेवटून मांडतो. प्रयोगशाळेच्या टेबलांचं उदाहरण घ्या. समजा, शेवटचा एक आठवडा साफसफाई आणि सामान लावायला, त्याआधीचा एक पाणी-गॅस-वीज तपासायला, दोन आठवडे बसवायला, दहा आठवडे कारखान्यात बनायला आणि चार आठवडे शॉप ड्रॉइंग, म्हणजे कारखान्याने बनवण्यासाठीची तपशीलवार ड्रॉइंग, काढून मंजूर करून घ्यायला. झाले अठरा आठवडे. त्यातही टेबलं खोलीच्या मधोमध असतील तर त्यांची पाण्याची आणि ड्रेनेजची पाइप फरशीखालून जाणार, म्हणजे सिंक कुठे हवा हे फरशीचं काम सुरू होण्याआधी ठरलं पाहिजे. विज्ञानाच्या शिक्षकांना हा प्रश्न विचारायची वेळ तेव्हा येते, जेव्हा ती खोली म्हणजे नुसते खांब असतात. त्यांना त्या खांबांमध्ये आपली प्रयोगशाळा दिसत नाही. ती त्यांना दिसेल असं काहीतरी करणं, फरशीवर खडूने टेबलं आखून दाखवणं, हे व्यवस्थापनाचं काम आहे आणि ते इंटर्नला उत्तम जमतं.

दुसरी गोष्ट, साइटच्या पत्र्याच्या कुंपणापलीकडे मुलं असतात. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी आवारात ट्रक हलता कामा नये. काँक्रीटच्या गाड्यांचं वेळापत्रक शाळेच्या घंटेशी जुळवावं लागतं. परीक्षेच्या दिवशी ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) चालवता येत नाही, म्हणजे तोडफोडीची कामं परीक्षेचं वेळापत्रक हातात घेऊन ठरवावी लागतात. कामगारांचं गेट वेगळं, त्यांची स्वच्छतागृहं वेगळी, आणि कोणीही एकट्याने मुलांच्या भागात जायचं नाही. हा नियम तुम्हालाही लागू असेल. साइटचे फोटो काढताना एकही मूल फ्रेममध्ये येता कामा नये, हे पहिल्याच दिवशी मनाशी पक्कं करा.

तिसरी गोष्ट, मालक एक नसतो. मुख्याध्यापक असतात, संस्थेची समिती असते, हिशेब पाहणारे असतात, पालक असतात, आणि रोज किल्ल्या सांभाळणारा कर्मचारी असतो. समिती महिन्यातून एकदा बसत असेल तर फरशीच्या रंगाचा निर्णय एका बैठकीत हुकला की महिना गेला. म्हणून चांगला प्रकल्प व्यवस्थापक कोणता निर्णय कोणाकडून कोणत्या तारखेपर्यंत हवा, याची वेगळी यादी ठेवतो. तुमच्या साइटवर अशी यादी आहे का विचारा. नसेल तर ती तयार करून द्या. मी एखाद्या इंटर्नला काम द्यायचं म्हटलं तर हे काम सगळ्यात आधी देईन.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते: नुसती कागदाची कामं मिळतील का? कागदाची कामं मिळतीलच. पण व्यवस्थापन बहुतेक कागदावरच चालतं, तेव्हा तो कागद कशासाठी आहे हे समजून घेतलंत तर ते काम हलकं राहत नाही.

आरएफआयचं, म्हणजे ठेकेदाराच्या लेखी शंकांचं, रजिस्टर घ्या. ड्रॉइंगमध्ये काही कळत नसेल किंवा दोन ड्रॉइंग एकमेकांशी जुळत नसतील तर ठेकेदार लेखी प्रश्न पाठवतो, आर्किटेक्ट किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर लेखी उत्तर देतो. इंटर्नला सांगतात, ‘रजिस्टर अपडेट कर.’ बहुतेक जण नंबर, तारीख, ‘उघडा’ किंवा ‘बंद’ एवढं भरतात. त्यात आणखी दोन रकाने स्वतःहून घाला: या उत्तराअभावी साइटवरचं कोणतं काम थांबेल, आणि ते काम कोणत्या तारखेला सुरू व्हायचं आहे. एवढं केलंत की यादी आपोआप वेगळ्या क्रमाने लागते. महिनाभर पडून असलेला प्रश्न बिनमहत्त्वाचा निघतो आणि कालच आलेला प्रश्न परवाचं काम अडवणारा निघतो.

माझ्याकडच्या एका इंटर्न मुलीने असाच रकाना भरता भरता एक गोष्ट पकडली. बालवर्गाच्या स्वच्छतागृहात आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये वॉशबेसिनची उंची लहान मुलांची होती, प्लंबिंगच्या ड्रॉइंगमध्ये मोठ्यांची. प्रश्न लेखी आलेलाच नव्हता, कारण प्लंबर फक्त प्लंबिंगचं ड्रॉइंग पाहत होता. तिने टेप घेऊन भिंतीवर पाइपची तोंडं मोजली, तर ती मोठ्यांच्या उंचीला. टाइल लागायला आठवडा होता. तेव्हा पाइप खाली घेणं एका दिवसाचं काम होतं. टाइलनंतर तेच काम म्हणजे भिंत फोडणं, वॉटरप्रूफिंग नव्याने करणं आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे यावरून पत्रव्यवहार. तिला कोणी ‘चुका शोध’ असं सांगितलं नव्हतं. दोन ड्रॉइंग शेजारी ठेवून पाहायची सवय तिला त्या रजिस्टरने लावली.

म्हणून माझा आग्रह असा की पहिल्या आठवड्यात एक खोली किंवा एक काम निवडा आणि ते दहा आठवडे सोडू नका. आरसीसी चालू असेल तर एक स्लॅब धरा. सेंट्रिंगची (काँक्रीट ओतायच्या साच्याची आणि टेकूंची) तपासणी, स्टीलचं कव्हर (स्टीलवरचा काँक्रीटचा थर), पोअर कार्डवरच्या (काँक्रीट ओतण्याच्या परवानगीपत्रावरच्या) सह्या, स्लम्प (ओल्या काँक्रीटच्या पातळपणाची चाचणी), क्यूब भरणं, क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं), क्यूबचा सात दिवसांचा निकाल आणि मग अठ्ठावीस दिवसांचा. साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये सात दिवसांना साधारण दोन-तृतीयांश ताकद येते, म्हणून तो निकाल आधी सावध करतो. स्वीकारायचं की नाही ते अठ्ठावीस दिवसांवर ठरतं. दहा आठवड्यांत हे पूर्ण चक्र बसतं. स्लॅब पहिल्या पंधरवड्यात निवडा, म्हणजे निकाल तुमच्या डोळ्यांसमोर येईल.

फिनिशिंग चालू असेल तर एक वर्गखोली धरा. वर्गखोलीत आवाजाचा विचार लोक शेवटी करतात, आणि मुलांना शिक्षकाचं बोलणं ऐकू येणं हे तर शाळेचं मूळ काम. अमेरिकेचं वर्गखोल्यांच्या ध्वनिगुणांचं मानक, एएनएसआय एस12.60, नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गात पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबल (ए) आणि घुमण्याचा काळ 0.6 सेकंद यापुढे जाऊ नये असं सांगतं. साइटवर हे आकडे बिघडतात ते फार साध्या कारणांनी. दोन वर्गांमधली भिंत वरच्या स्लॅबपर्यंत न जाता फॉल्स सीलिंगच्या जरा वर थांबते. किंवा वायरिंगवाला तिच्यात भोक पाडतो आणि ते कोणी बुजवत नाही. सीलिंग लागल्यावर ते दिसत नाही, पण शेजारच्या वर्गातले पाढे ऐकू येतात. सीलिंग लागण्याआधी शिडी आणि टॉर्च घेऊन प्रत्येक भिंतीची वरची कड पाहणं आणि भोकांची खोलीनिहाय यादी करणं, हे इंटर्नने करावं असं काम आहे. शिडीवर चढायची परवानगी मात्र आधी घ्या.

तसंच रॅम्पचं. अनेक मानकांत जास्तीत जास्त उतार 1:12 धरलेला असतो. म्हणजे 450 मिमी चढायला किमान 5.4 मीटर लांबी हवी. ड्रॉइंगमध्ये ती असते. पण बाहेरची फरसबंदी ठरल्यापेक्षा 50 मिमी खाली बसली की तेवढ्याच लांबीत 500 चढायचे होतात आणि उतार बिघडतो. चाकांच्या खुर्चीतल्या मुलाला रोज तो चढ चढायचा असतो. लेव्हलची (पाणी भरून पातळी पाहायची) नळी आणि टेप एवढ्यावर हे तपासता येतं, आणि काँक्रीट घालण्याआधीच तपासावं लागतं.

फोटोंबद्दल तुम्ही जरा नाराजीने लिहिलं आहे, म्हणून त्यावर मुद्दाम लिहिते. ऑगस्ट 2023 च्या शेवटी, नवं सत्र सुरू व्हायच्या अगदी तोंडावर, इंग्लंडमध्ये शंभरहून अधिक शाळांना इमारतींचे काही भाग बंद करायला सांगितलं गेलं. कारण होतं रॅक, म्हणजे सच्छिद्र हलक्या काँक्रीटच्या पट्ट्या. 1950 पासून 1990 च्या दशकापर्यंत तिथल्या कितीतरी सार्वजनिक इमारतींच्या छतांत त्या वापरल्या गेल्या होत्या. कोणत्या शाळेत, कोणत्या खोलीवर त्या आहेत हे शोधण्यासाठी लोकांना सीलिंगच्या वर डोकावत फिरावं लागलं. इमारत बांधणारे निघून जातात आणि शाळा पुढची पन्नास-साठ वर्षं तिथेच भरते. भिंत बंद होण्याआधी तिच्यात कोणती पाइप, कोणती वायर, कोणतं स्टील आहे याचा तारीख, खोली क्रमांक आणि टेप धरून घेतलेला फोटो हा त्या शाळेला मिळणारा फार मोलाचा कागद आहे. पाचशे फोटो फोनमध्ये पडून राहिले तर त्यांचा उपयोग नाही. खोलीप्रमाणे फोल्डर करा, फाइलच्या नावात भिंतीची दिशा घाला, आणि जाताना ते शाळेच्या देखभाल पाहणाऱ्या माणसाला उघडून दाखवा.

एका बाबतीत मी फार कडक आहे: न पाहिलेल्या गोष्टीवर सही करू नका. घाईच्या दिवशी कोणीतरी म्हणेल, ‘चेकलिस्ट भरून टाक, सगळं ओकेच आहे.’ तुम्ही नवीन आहात, नाही म्हणायला संकोच वाटेल. शाळांच्या बाबतीत या सहीला काय वजन आहे ते एका कायद्यावरून समजून घ्या. 10 मार्च 1933 रोजी संध्याकाळी सहाच्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला भूकंप झाला. शाळा सुटून गेलेल्या होत्या. कितीतरी शाळांच्या विटांच्या इमारती कोसळल्या किंवा वापरण्याजोग्या उरल्या नाहीत. वर्ग भरलेले असते तर काय झालं असतं हे कोणाला सांगावं लागलं नाही. बरोबर महिन्याने, 10 एप्रिल 1933 ला, तिथे फील्ड कायदा आला. सरकारी शाळांचे आराखडे राज्याच्या यंत्रणेने तपासायचे, बांधकाम चालू असताना स्वतंत्र निरीक्षकाने सतत नजर ठेवायची, आणि काम आराखड्याप्रमाणे झालं असा अहवाल आर्किटेक्ट, इंजिनिअर, निरीक्षक आणि ठेकेदार यांनी स्वतःच्या माहितीच्या आधारावर, खोटं निघालं तर शपथभंगाची जबाबदारी घेऊन द्यायचा. तुमच्या ठिकाणचे नियम वेगळे असतील, पण सहीचा अर्थ सगळीकडे हाच आहे: हे मी पाहिलं. इंटर्नने मान्यतेची सही करायचीच नसते. ‘मी पाहणी केली, अमुक दिसलं’ एवढी नोंद करून द्या, मान्यता ज्याच्या अधिकारात आहे तो देईल.

याच कारणासाठी ठेकेदाराच्या माणसांना परस्पर सूचनाही देऊ नका. ‘हा दरवाजा थोडा इकडे घ्या’ असं तुम्ही सहज बोललात आणि त्यांनी घेतला, तर ती मालकाच्या बाजूने आलेली सूचना ठरू शकते आणि तिचं बिल येऊ शकतं. दिसलेलं तुमच्या वरिष्ठांना सांगा. धोका दिसला तर मात्र वाट पाहू नका, तिथल्या तिथे ओरडून थांबवा. मातीचा एक घनमीटर दीड टनाहून जड असतो, आणि आधार न दिलेल्या चरात उतरलेल्या माणसाला कोसळणारी माती बाहेर पडायला वेळ देत नाही. अशा चरात तुम्हीही उतरायचं नाही, कोणीही सांगितलं तरी.

रोजची वही ठेवा. मी इंटर्नना तीनच ओळी लिहायला सांगते: आज काय होणार होतं, काय झालं, फरक का पडला. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी 1990 च्या दशकात लास्ट प्लॅनर नावाची पद्धत मांडली. तिचा एक भाग असा आहे की आठवड्याला जेवढी कामं करतो म्हटलं त्यातली किती पूर्ण झाली याची टक्केवारी काढायची आणि न झालेल्या प्रत्येक कामाचं कारण लिहायचं. समजा, वीस कामं ठरली आणि तेरा झाली, तर पासष्ट टक्के. टक्केवारीपेक्षा कारणं जास्त बोलकी असतात. दहा आठवड्यांची कारणं एकत्र केलीत की माणसं कमी पडली की ड्रॉइंग उशिरा आली की शाळेचा निर्णय अडला, हे कोणाच्याही तोंडच्या तक्रारीपेक्षा स्पष्ट दिसतं. कॉलेजच्या अहवालाला यापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही. त्यात नकाशे टाकायचे असतील तर लेखी परवानगी घ्या, कारण कोणत्या दारातून कुठे जाता येतं हे दाखवणारा शाळेचा नकाशा बाहेर फिरू नये.

बायोडेटाची काळजी फार करू नका. मुलाखत घेताना मी प्रकल्पाचं नाव वाचते आणि लगेच विचारते, ‘तुम्ही स्वतः काय केलंत?’ ‘मेट्रोच्या साइटवर होतो’ या उत्तरानंतर शांतता पसरते तेव्हा मलाच वाईट वाटतं. ‘बारा वर्गखोल्यांच्या भिंती सीलिंगच्या वर तपासल्या, इतक्या ठिकाणी भोकं सापडली, ती अशी बंद करून घेतली’ असं कोणी सांगितलं तर पुढचा अर्धा तास आम्ही त्याच भिंतींवर बोलतो.

तेव्हा कंपनीला होकार कळवण्याआधी एक छोटा मेल लिहा. माझ्या दहा आठवड्यांत काम कोणत्या टप्प्यावर असेल, मला रोज कोणाला विचारता येईल, साइटच्या साप्ताहिक बैठकीला बसता येईल का, एखादी खोली किंवा एखादं रजिस्टर शेवटपर्यंत माझ्याकडे देता येईल का, आणि अपघात विमा व सुरक्षेचं प्रशिक्षण कोणाकडून होईल, एवढंच विचारा. बैठक आणि स्वतःचं एक काम या दोन्हींना होकार आला तर डोळे झाकून जा. दोन्हींना नकार आला तर मित्रांच्या साइटवर जागा आहे का पाहा, आणि तिथेही हेच प्रश्न विचारा. टप्पा कोणता ते कळलं की मला लिहा, त्याप्रमाणे कोणती खोली किंवा कोणतं काम धरावं हे ठरवायला मी मदत करेन.